'दात येताहेत, दुसरं काही नाही': एका वाक्याचा इतिहास

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही किंवा ज्यांचं नेटवर्क बोगद्यात शिरलं की जातं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचे 'अं', 'म्हणजे' आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी काढून टाकली आहे.

आजचा विषय राजे-महाराजांचा नाही. तह, लढाया, किल्ले यातलं काही नाही. आजचा विषय आहे तेरा महिन्यांच्या बाळाची दाढ. आणि ती माझ्याच घरात येत होती.

झालं असं की गेल्या महिन्यात आमच्या लेकीने सलग तीन रात्री आम्हाला झोपू दिलं नाही. लाळ इतकी की लाळेरं तासाला बदलावं लागे. हातात येईल ते तोंडात. माझ्या खांद्यालाही चावून झालं. बायको म्हणाली, "दाढा येताहेत." आई म्हणाली, "मग बाळगुटीतली डिकेमाली उगाळून देऊ, तुम्हा दोघा भावंडांना तेच दिलं होतं." मावशीने फॅमिली ग्रुपवर गोड गोळ्यांच्या बाटलीचा फोटो टाकला, एका मित्राने हिरडीला लावायच्या जेलचं नाव पाठवलं, आणि एका वहिनींनी पिवळ्या मण्यांच्या माळेची लिंक. रात्री अडीच वाजता मी एका हाताने लेकीला थोपटत होतो आणि दुसऱ्या हाताने मोबाईलवर हे पर्याय ताडून बघत होतो.

तुमच्यापैकी जे आईबाबा आहेत त्यांना ही रात्र माहीत आहे. जे नाहीत, त्यांनी स्वतःच्या आईला विचारा.

त्या रात्री माझ्या मनात एक साधा प्रश्न आला. माणसाच्या बाळाला दात तर हजारो वर्षांपासून येताहेत. मग आजवरच्या आईबापांनी केलं काय? शोधायला लागलो आणि खरं सांगतो, झोप उडाली. आधीच नव्हती, ती आणखी उडाली.

मृत्यूचं कारण : दात

पहिला धक्का हा. 1839 साली इंग्लंड आणि वेल्समध्ये पाच हजारांहून जास्त मुलांच्या मृत्यूचं कारण सरकारी नोंदीत लिहिलं गेलं होतं, 'दात येणे'. साथ नाही, अपघात नाही. दात येणे.

आता विचार करा, दात आल्यामुळे मूल मरत नाही. मग हे कशाने गेले? जुलाब, न्यूमोनिया, मेंदूज्वर, कुपोषण, दूषित दूध. पण मूल सहा महिन्यांच्या पुढचं आणि अडीच वर्षांच्या आतलं असलं की डॉक्टर हिरडी बघायचा, तिथे कुठला ना कुठला दात वर येत असायचाच, आणि कारण सापडल्यासारखं व्हायचं.

आपण एक हिशोब करू. दुधाचे दात वीस. ते साधारण सहाव्या महिन्यापासून तिसाव्या महिन्यापर्यंत येतात. एकेका दाताच्या आगेमागे आठवडाभर धरला, तर वीस दातांचे झाले दीडशेच्या आसपास दिवस. काही दात जोडीने येतात, म्हणून थोडे कमी धरा. तरी या दोन वर्षांत कुठल्याही दिवशी मूल आजारी पडलं, तर तेव्हा दात येत असण्याची शक्यता भरपूर. शिवाय याच वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते, वरचं अन्न सुरू होतं, मूल रांगतं आणि जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. म्हणजे ताप आणि जुलाब याच वयात येणार, आणि दातही याच वयात येणार. दोघं एकाच गाडीतून उतरले म्हणून ते नातेवाईक ठरत नाहीत. पण माणसाने त्यांना दोन हजार वर्षं नातेवाईक मानलं.

हिरडीवर सुरी

सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आम्ब्रुआझ पारे नावाचा मोठा शल्यविशारद होऊन गेला. त्याने एक प्रसंग लिहून ठेवलाय. एका ड्यूकचं आठ महिन्यांचं बाळ वारलं. शवविच्छेदनात दुसरं काही कारण सापडेना. मग त्याने हिरडी कापून बघितली, तर आत दात तयार होऊन बसलेले. त्याने निष्कर्ष काढला की हिरडी कडक होती, दाताला वाट मिळाली नाही, म्हणून बाळ गेलं. वेळेवर हिरडी कापली असती तर वाचलं असतं.

पण आठ महिन्यांच्या कुठल्याही बाळाची हिरडी कापली तरी आत दात सापडणारच! पण एवढ्या मोठ्या माणसाने सांगितलं म्हटल्यावर उपचार रुजला. येणाऱ्या दातावरची हिरडी छोट्या सुरीने चिरायची, भूल न देता. पुढची तीनशेहून जास्त वर्षं युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हे केलं. एकोणिसाव्या शतकात मार्शल हॉल नावाचे लंडनचे नामवंत डॉक्टर होते, मज्जासंस्थेवरच्या कामासाठी आजही ओळखले जातात. त्यांचं मत काय, तर गरज असताना एकदा हिरडी कापायची राहून जाण्यापेक्षा, गरज नसताना शंभर-दोनशे वेळा कापलेली परवडली.

हे लोक दुष्ट नव्हते. समोर तळमळणारं मूल होतं, रडणारी आई होती, आणि 'काहीतरी करा' हा दबाव होता. काहीतरी केलं की मन शांत होतं. कोणाचं, हा प्रश्न वेगळा.

गोड बाटली, गुंगीचं बाळ

सुरी नको असेल तर बाटली होती. 1849 साली अमेरिकेत 'मिसेस विन्सलोज सूदिंग सिरप' बाजारात आलं. जाहिरातीत हसरी आई, गुटगुटीत बाळ. बाटलीत मॉर्फिन. म्हणजे अफूचा अर्क. दात येणाऱ्या मुलाला हे दिलं की रडणं थांबायचं, आणि अफूने बद्धकोष्ठ होतं म्हणून जुलाबही थांबायचे. आईला वाटायचं, काय गुणकारी औषध! काही मुलं गुंगीत गेली ती उठलीच नाहीत. 1906 साली अमेरिकेत कायदा आला की औषधात अफू वगैरे असेल तर लेबलवर लिहायलाच हवं. तोपर्यंत बाटलीत काय आहे हे आईला कळायची सोयच नव्हती.

'हे तिकडचं झालं' असं म्हणायच्या आत मुंबईत येऊ. गिरणगावात. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरला गिरणीत काम करणाऱ्या बायकांची पाहणी करायला नेमलं होतं. त्यांना काय दिसलं? जवळजवळ सगळ्याच कामगार बायका तान्ह्या मुलांना अफू देत होत्या. छोटी गोळी, नाव 'बाळगोळी'. दात येताहेत, पोट दुखतंय, किरकिर करतंय, सगळ्यावर एकच गोळी.

या बायांना दोष देण्याआधी त्यांचा दिवस बघा. सकाळी भोंगा वाजला की साच्यावर हजर, दहा-दहा तास काम. बाळाला सांभाळायला खोलीत एखादी म्हातारी किंवा सहा-सात वर्षांची थोरली बहीण. पाळणाघर नाही, रजा नाही. ती गोळी बाळाच्या दातांसाठी नव्हतीच, ती गिरणीच्या भोंग्यासाठी होती. 1929 साली मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. 1931 साली मजुरांविषयीच्या रॉयल कमिशनचा अहवाल आला, आपले ना. म. जोशी त्या कमिशनवर होते, त्यातही अफूचा हा प्रश्न मांडला गेला. म्हणजे बाळाच्या औषधाचा प्रश्न शेवटी आईच्या कामाच्या तासांशी जाऊन भिडला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. उपचार निवडायचं स्वातंत्र्य वेळ आणि पैसा असणाऱ्याला असतं.

गुलाबी हातांचं कोडं

आता या भागातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेत लहान मुलांना एक विचित्र आजार व्हायचा. हाताचे तळवे आणि तळपाय गुलाबी होऊन सोलवटायचे. उजेड सहन व्हायचा नाही. प्रचंड लाळ, झोप नाही, सतत विव्हळणं, काही मुलांचे तर दात गळून पडायचे. नाव पडलं 'पिंक डिसीज', गुलाबी आजार. कोणी म्हणे जंतू, कोणी म्हणे जीवनसत्त्वाची कमतरता. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1939 ते 1948 या दहा वर्षांत पाचशेहून जास्त मुलं या आजाराने गेली.

1945 साली अमेरिकेत सिनसिनाटीला डॉ. जोसेफ वॉरकनी आणि त्यांचे सहकारी डोनाल्ड हबर्ड यांनी अशा एका मुलाची लघवी तपासली. त्यात पारा निघाला. पुढच्या मुलांच्या लघवीतही पारा. हा पारा आला कुठून? दात येताना द्यायच्या पावडरीतून. त्या पावडरीत कॅलोमेल असायचं, पाऱ्याचा एक क्षार. घरोघरी, औषधांच्या दुकानात, कोणत्याही चिठ्ठीशिवाय मिळणारी पावडर. आजीने आईला दिलेली, आईने बाळाला दिलेली.

आता यातला सापळा बघा. पाऱ्याची विषबाधा झाली की लाळ वाढते, हिरड्या सुजतात, मूल चिडचिडं होतं. म्हणजे हुबेहूब दात येताना दिसतं तसं! आई म्हणणार, "अजून त्रास कमी नाही, अजून एक पुडी देऊ." जे औषध म्हणून दिलं तेच आजार होतं, आणि आजार वाढला की औषध वाढत होतं. शिवाय पावडर घेणाऱ्या बहुतेक मुलांना काहीच व्हायचं नाही. त्यामुळे 'आमच्या चारही मुलांना दिली, काही झालं नाही' असं सांगणारे घरोघरी होते, आणि ते खोटंही बोलत नव्हते.

1954 साली ब्रिटनमधल्या उत्पादकांनी पावडरीतला पारा काढला. त्यानंतर काही वर्षांत गुलाबी आजार जवळपास नाहीसा झाला. आज तुम्ही एखाद्या तरुण डॉक्टरला विचारा, त्याने असा रुग्ण बघितलेला नसेल.

आणि आपला वाग्भट

हे सगळं वाचताना मला वाटलं, आपल्याकडे काय म्हणत होते ते तरी बघू. काश्यपसंहितेत दात येण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, म्हणजे साधारण सातव्या शतकातल्या ग्रंथात, दात येणं हे सगळ्या रोगांचं घर मानलंय. म्हणजे चूक तीच, जी युरोपात झाली.

पण पुढे वाग्भट जे सांगतो ते वाचून मी मोबाईल खाली ठेवला. तो म्हणतो, दात येताना होणाऱ्या त्रासांसाठी बाळाला पथ्यापाण्याच्या बंधनांनी फार जखडू नका, कारण दात आले की हे त्रास आपोआप शमतात.

तेराशे-चौदाशे वर्षं हे वाक्य आपल्याकडे आहे. आणि याच वाक्यात वरच्या सगळ्या औषधांच्या यशाचं गुपित आहे. हिरडी चिरा, दोन दिवसांनी दात आला, बाळ शांत. सिरप द्या, दात आला, बाळ शांत. गोड गोळी द्या, माळ घाला, काहीही करा, दात येणारच आणि बाळ शांत होणारच. मग जो शेवटचा उपाय केला त्याचं नाव होतं.

मग माझ्या पाच पर्यायांचं काय झालं?

आधी जेल. त्यातलं बेंझोकेन हिरडी बधिर करतं, पण लाळेबरोबर लगेच वाहून जातं. म्हणून पुन्हा पुन्हा लावलं जातं. क्वचित त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकदच घटते, आणि ते जिवावर बेतू शकतं. 2018 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ही जेल विकू नका असं सांगितलं. गोड गोळ्या : 2017 साली त्याच प्रशासनाला दात येण्यावरच्या काही होमिओपॅथिक गोळ्यांमध्ये बेलाडोनाचं प्रमाण लेबलपेक्षा कमीजास्त, काहींत बरंच जास्त सापडलं. बेलाडोना ही विषारी वनस्पती आहे. माळ : गळ्याला फास बसू शकतो, मणी तुटून घशात अडकू शकतो. तीन पर्याय खोडले.

चौथा पर्याय म्हणजे आईची डिकेमाली. इथे माझी पंचाईत झाली. आईने आम्हाला वाढवलंय, तिच्या सहाणेला मी काय नावं ठेवणार? मी तिला पिंक डिसीजची गोष्ट सांगितली. ती सगळं ऐकून म्हणाली, "अरे, म्हणजे त्या बायकांनीही विश्वासानेच दिलं असणार ना." मग थोड्या वेळाने म्हणाली, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको मग. आजकाल त्या पुडीत काय काय मिसळतात ते मला तरी कुठे कळतं." वाद तिथेच मिटला.

पाचवा पर्याय होता, फार काही न करणं. स्वच्छ ओलं फडकं फ्रीजमध्ये गार करून चावायला देणं. हात धुऊन बोटाने हिरडी चोळणं. कडेवर घेऊन फिरणं. एका रात्री फारच त्रास झाला तेव्हा डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं पॅरासिटामॉल दिलं, तेवढंच.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. चौथ्या दिवशी लेकीला जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत सहा वेळा. घरात, शेजारी, फोनवर, सगळ्यांचं एकच वाक्य : "दात येताहेत, दुसरं काही नाही." आणि मंडळी, चार रात्री हा सगळा इतिहास वाचलेला मी, मलाही ते पटलं! पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. थकलो होतो.

बायकोने डायपर मोजले. म्हणाली, "सकाळपासून एकही ओला नाही. ही रडतेय, पण डोळ्यात पाणी नाही." आम्ही ओआरएस सुरू करून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले पोटाचा संसर्ग आहे, शरीरातलं पाणी कमी व्हायला लागलंय. चमच्या-चमच्याने ओआरएस, सोबत झिंक, आणि दूध-जेवण चालू ठेवा. दाताचा काही संबंध आहे का, असं मी विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "दातामुळे लाळ येते, किरकिर होते, अंग थोडंसं कोमट लागतं. खरा ताप आणि जुलाब दाताच्या खात्यावर टाकायचे नाहीत."

घरी आल्यावर मी वाचलं, तर अभ्यासही तेच सांगतात. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत क्लीव्हलँडला सव्वाशे मुलांच्या आईवडिलांकडून रोजच्या नोंदी घेतल्या होत्या, चारशेहून जास्त दातांच्या. चावणं, लाळ, चिडचिड, घट्ट अन्न नको म्हणणं, तापमानात किंचित वाढ, अशा गोष्टी दाताशी जुळल्या. जास्त ताप नाही, जुलाब नाहीत.

आणि ते ओआरएसचं पाकीट, त्याचाही इतिहास आहे. 1971 साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती. सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोड्याचं पाणी लोकांना पाजायला सुरुवात केली. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. साखर-मिठाचं पाणी! दिसायला किती किरकोळ. जाहिरातीत टिकणार नाही असं औषध.

1839 च्या त्या पाच हजार नोंदींतल्या किती मुलांना फक्त एवढंच हवं होतं, हा विचार त्या रात्री डोक्यातून जाईना. त्यांना दाताने मारलं नाही. 'दात येताहेत' या वाक्याने मारलं, कारण ते वाक्य ऐकलं की पुढे बघणं थांबतं.

आमची लेक दोन दिवसांत टुणटुणीत झाली. दाढ आठवड्याने आली. मामाने फोन करून विचारलं, "वरची आधी की खालची?" आपल्याकडे वरचे दात आधी आले तर मामाला वाईट म्हणतात ना. मी म्हटलं, "वरची. पण घाबरू नको, पुढचे दात खालचेच आधी आले होते." मामा निर्धास्त.

तर मंडळी, या भागातून एकच गोष्ट सोबत न्या. बाळ किरकिर करतंय, लाळ गळतेय, पण खेळतंय, पितंय, तर गार फडकं आणि मांडी पुरे. पण ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, जुलाब-उलट्या झाल्या, लघवी कमी झाली, बाळ मलूल पडलं, तर हिरडीकडे बघू नका, दवाखान्याकडे बघा. आणि फॅमिली ग्रुपवर कोणी लिहिलं की 'दातच येताहेत', तर प्रेमाने उत्तर द्या, "असतील, पण डायपर मोजलेत का?"

तुमच्या घरात दात येताना काय काय द्यायचे, ते आजीला विचारून मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत, काळजी घ्या आणि झोप मिळाली तर झोपून घ्या!